पाय ओले, वजा तीन

नकाशा निवडताना विशू म्हणाला होता,
"मामा, ह्यो नको. ह्याच्यात नुस्तं पाणीच पाणी हाय,
वस्ती उभी राहायची नाही."
मी तोच निवडला.
दिवसभर उदगीरच्या नऊ वॉर्डांचे व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाला
पाणी जास्त होणं म्हणजे काय
ते एकदा बघायचं होतं.

ते असं असतं:
दलदलीवर भिंत धरत नाही.
चिखलात माणूस निम्म्या वेगानं चालतो,
उथळ पाण्यात त्याहून कमी,
खोल पाण्यात वाटच नाही.
धान्याची पोती पलीकडच्या काठावर भिजत पडतात
आणि अलीकडे तिघंजण उपाशी.
तिघांना मी ऑफिसातली नावं दिली:
गफूरभाई, कौशल्याबाई, बोईनवाड क्लार्क.
बोईनवाड तिथंही ओंडक्यावर बसून राहतो.
हे मी शिकवलेलं नाही.

कौशल्याच्या नावावर टिचकी मारली
की चौकट उघडते, तिच्यात तिची सुखदुःखं मांडलेली.
टेबलाशिवाय जेवली, वजा दोन.
पाय ओले, वजा तीन.
हसलो. एकटाच, रात्री एक वाजता.
खरी कौशल्याबाई दहाव्या दिवशी नळ आला
की शेवटची घागर भरल्यावर
थोडं पाणी अंगणात वाहू देते, मुद्दाम,
आणि त्यात अनवाणी उभी राहते.
मी बघून न बघितल्यासारखं करतो.

मग पंप सापडला.
लाकूड, लोखंड, दोन दिवसांची मेहनत,
की आजूबाजूची जमीन हळूहळू सुकायला लागते.
तीन रात्री उपसलं.
चर खणले, मुरूम टाकला, पुन्हा उपसलं.
ते पाणी जातं कुठं, हे खेळ सांगत नाही.
नकाशाच्या कडेपर्यंतसुद्धा जात नाही,
नुसतं नाहीसं होतं.
पहिल्या रात्री हात जरा अडखळला.
तिसऱ्या रात्री नाही.
बगळ्यासारखा कुठलासा पांढरा पक्षी उडाला तो आलाच नाही.
शेवटचा हिरवा चौकोन राखाडी झाला
आणि वर अक्षरं आली:
आता इथे बांधता येईल.

तो राखाडी माझ्या ओळखीचा आहे.
जुन्या कागदावर नुसतं 'तळे' लिहिलेल्या जागेत
बापानं एक्क्याण्णव साली प्लॉट घेतला, नंबर सतरा.
दलालानं चुन्याच्या रेघा मारून दाखवल्या,
मी त्या रेघांवरून लंगडी घालत होतो.
अजून श्रावणात आमच्या फरशीच्या सांध्यांतून
पाणी वर येतं, गार, गढूळ,
सिलिंडरखाली, पलंगाच्या पायांशी.
आई म्हणायची, मूळ मालक आला, चपला उचला.
आणि तेव्हाच मोरीतला नळ कोरडा,
ज्याचा व्हॉल्व माझ्याच हातात.

तर मी तीन रात्रींपूर्वीचा खेळ उघडला.
विशूला सांगितलं नाही, चिडला असता.
पाणी सगळं जागच्या जागी. पक्षीही.
आता घरं काठाकाठानं बांधतोय, वाकडीतिकडी,
मधे एका माणसापुरता साकव.
धान्य अर्धं भिजतं. गफूरभाई दमतो.
वस्ती वाढत नाही,
वाढेल असं काही दिसतही नाही.

साडेचारला फोन. वॉर्ड सात.
"साहेब, पाणी सोडलालाव का न्हाई?"
निघालोच, म्हणतो,
आणि दाराआडची लोखंडी चावी खांद्यावर घेतो.
खेळ थांबवायचा राहून जातो.
तिकडं कौशल्या डोक्यावर सरपण घेऊन
गुडघाभर पाण्यातून येतेय, निम्म्या वेगानं,
पाय ओले, वजा तीन.
येऊ दे.